ओवाळणीचा टायर

पूर्णा, ता. भिवंडी
२ ऑगस्ट २००२

मेहुणे कुणालराव यांस,

या नात्यात नमस्कार तुम्ही मला घालायचा असतो, म्हणून तो पोचला असं समजून थेट कामाचं लिहितो.

लग्नाला तुम्ही आला नाहीत. सुट्टी मिळाली नाही म्हणे. तुमच्या बाबांनी मांडवात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला धरून सांगितलं, "पोरगा मस्कतला हाय, मोठ्या गाड्यांच्या धंद्यात हाय." माझ्या मित्रांना वाटलं, देवेशचा मेहुणा गाड्या विकतो. नंतर मृणालीने खरं सांगितलं की तुम्ही टायर काढता-घालता. वाईट वाटून घेऊ नका. मला टायरवालाच हवा आहे.

माझी गाडी तुम्ही वरातीच्या फोटोत पाहिली असेल. तुमची बहीण मागे डोळे मिटून बसली आहे ती. जपानी, पंधराशे सीसी, सहा सिलिंडर, वजन पावणेचारशे किलो. दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या, रेडिओ, मागे घ्यायला रिव्हर्ससुद्धा. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली मोटरसायकल आहे, आपल्याकडे येते ती कुणीतरी वापरून सोडलेली. आमच्या बापूंनी, म्हणजे केसरीनाथ शेटनी, रस्त्यालगतच्या शेतावर गोडाउनं उभी केली आणि पहिलं भाडं हातात आलं तेव्हा मी ती घेतली. भिवंडीत अशी दुसरी नाही. माणकोली नाक्याला थांबलो की ट्रकवाले खाली उतरून बघतात.

आता दोन्ही टायर टकले झालेत. पुढचा तर आतलं कापड दाखवायला लागला आहे. या मापाचे टायर इथे बनत नाहीत. मुंबईत एकाकडे आहेत, पण त्याचा भाव ऐकून मी त्याला विचारलं, टायरबरोबर गाडीपण देतोस का. आमच्याकडे पैसा आला म्हणून अक्कल गेलेली नाही.

तर दिवाळसण येतो आहे. पहिली दिवाळी. रीतीप्रमाणे मी वज्रेश्वरीला तुमच्या घरी येणार, जेवायला बसताना रुसणार, आणि तुम्ही मंडळी काहीतरी देऊन माझा रुसवा काढणार. तुमचे बाबा देवळापुढे नारळ आणि ओट्या विकतात, त्यांनी दिलेल्या अंगठीत माझं बोट तरी जाईल का? शिवाय अंगठ्या आहेत माझ्याकडे. मला टायर द्या. दोन्ही, चांगले, बेताच्या किमतीतले. मापं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. फोनवर आकडे सांगितले की हमखास चुकतात, म्हणून हे पत्र.

मृणाली मजेत आहे. जरा रडकी आहे. आई म्हणते, "व्हईल सवय."

तुमचा जावई,
देवेश


वादी कबीर, मस्कत
१५ ऑगस्ट २००२

आदरणीय भावोजी,

न घातलेला नमस्कार तुम्ही पोचला म्हणालात, हा तुमचा मोठेपणा. तरी हा एक रोख घ्या.

मी टायरचंच काम करतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बाबांना ते जरा फुगवून सांगायला आवडतं. लग्नाला येता आलं नाही याची रुखरुख मला अजून आहे, त्यामुळे तुम्ही काही मागितलंत याचा आनंदच झाला.

तुमच्या गाडीला टायर निवडताना आधी वजन बघायचं, मग भाव. गाडी पावणेचारशे किलो, त्यावर तुम्ही, मागे मृणाली, पेट्यांत सामान. मागे बसणाऱ्याचा सगळा भार मागच्या टायरवर येतो. म्हणून मागच्या टायरवर भाराचा आकडा ऐंशी हवा, म्हणजे तो एकटा साडेचारशे किलो सोसतो. त्याच मापात कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळतो आणि दिसायला जुळ्या भावासारखा असतो. तो नको. पहिल्या दर्जाचे जपानी किंवा युरोपातले टायर इथेही महागच आहेत. तैवानचे त्यांच्या निम्म्या किमतीत येतात. ते लवकर झिजतात, पण झिजताना दिसतात, फसवत नाहीत. परवडणारे म्हणाल तर मी तेच सुचवेन.

भिवंडीत कोणी जुन्या टायरवर नवं रबर चढवून देतो म्हणाला तर नको म्हणा. हळू चालणाऱ्या ट्रकला ते चालतं, तुमच्या वेगाला ते सालीसारखं निघून येईल. काहीजण मागे चक्क मोटारीचा टायर बसवतात. तो स्वस्त पडतो आणि खूप टिकतो. पण मोटार वळताना आडवी होत नाही आणि मोटरसायकल होते, तेव्हा त्या टायरची कडच जमिनीला टेकते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. टायरच्या बाजूवर, कडेजवळ, एका लांबट चौकटीत आकडे उमटवलेले असतात. चार आकडे असतील तर पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीनच आकडे असतील तर तो टायर दोन हजार सालाच्या आधीचा. तो फुकट दिला तरी घेऊ नका. बहुधा हे आकडे एकाच बाजूला असतात, म्हणून टायर फिरवून दोन्हीकडे बघा. आमच्या दुकानाच्या माळ्यावर, पत्र्याखाली, असे जुने टायर पडले आहेत. इथल्या उन्हात वर्षानुवर्षं भाजलेले. वरून काळे कुळकुळीत, नक्षी कोरी करकरीत, आतून रबर मेलेलं. हळू चालवलं तर काही कळत नाही. वेगात तापला की असा टायर नुसता बसत नाही, फाटतो. मालक ते पाव किमतीत द्यायला तयार असतो. मी कुठल्या गिऱ्हाइकाला देत नाही.

तुम्ही सांगा, मग मी माल घेतो.

मृणालीला दोन ओळी लिहायला सांगाल का? मी फोन करतो तेव्हा ती नेहमी आंघोळीला गेलेली असते.

आपला,
कुणाल


पूर्णा
३० ऑगस्ट २००२

कुणालराव,

तुम्ही टायरवाले कसले, मास्तर व्हायला हवे होतात. तुमचं पत्र मी गाडीच्या पेटीत ठेवलं आहे, मित्रांना वाचून दाखवतो. सगळे म्हणतात, देवेश, मेहुणा कामाचा आहे.

पण तैवानचा माल मला नको. जपानी घ्या. तुम्ही परवडणारे म्हणालात, तर मला ते नक्की परवडतील, कारण घेणार तुम्ही आहात.

दिवाळीच्या आत टायर आले तर मृणालीला घेऊन येतो. नाही आले तर टकल्या टायरवर तुमच्या बहिणीला बसवून आणणं काही बरं नाही, हे तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगावं? मग ती इथेच राहील. ही दिवाळी आणि पुढची. कोणी न्यायला आलं तर चहा पाजून परत पाठवीन.

ती आंघोळीला नसते, गाडी धूत असते. मी शिकवलं आहे तिला. परवा धुताना सायलेन्सरला पाऊल लागून भाजलं. धांदरट आहे. आता चालते नीट.

देवेश


पूर्णा
५ सप्टेंबर २००२

दादा,

हे मी न्हाणीघरात कडी लावून लिहिते आहे. संध्याकाळी देवळात जाताना अंजूरफाट्याच्या पेटीत टाकेन. फोन हॉलमध्ये असतो आणि सासूबाई फोनच्या शेजारी बसतात.

ह्यांनी तुला माझ्या पावलाचं लिहिलं, ते मला वाचूनही दाखवलं. दादा, पाऊल लागलं नाही. लावलं. त्यांचे मित्र आले होते. मी गाडी पुसत होते. एकाने विचारलं, वहिनी, कशी आहे गाडी? मी म्हटलं, गाडी छान आहे, पण टायर टकले झालेत. सगळे हसले. मीही हसले. ते लोक गेल्यावर ह्यांनी गाडी चालू करून ठेवली. मला वाटलं कुठे जायचं असेल. सायलेन्सर चांगला तापल्यावर मला जवळ बोलावलं, घोटा धरला आणि पाऊल टेकवून ठेवलं. म्हणाले, "आता हस." सासूबाईंनी आत टीव्हीचा आवाज वाढवला.

गोकुळाष्टमीला बाबा आले होते. मी त्यांना पाऊल दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, खोबरेल लाव. मग फाटकापाशी हळूच म्हणाले, "आपल्या धाकटीचं, पूर्वीचं जमतंय. कुडूसचं स्थळ हाय. तू आता घरी आलीस तर ते मोडंल. थोडं सोस, बाय." पूर्वीचं मोडावं असं मलाही वाटत नाही. पण थोडं म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही.

तू टायर पाठव किंवा पाठवू नकोस. मला एकच विचारायचं आहे. मी घरी येऊ का? तू हो म्हणालास तर बाबा नाही म्हणणार नाहीत, घर तुझ्यावर चालतं. मला उत्तर लिहू नकोस, इथे पत्रं फोडतात. बाबांना लिही आणि त्यांना मला न्यायला पाठव. ते दारात दिसले की मी समजेन. पिशवी भरून ठेवली आहे.

तुझी,
मृणाली


वादी कबीर, मस्कत
२२ सप्टेंबर २००२

आदरणीय भावोजी,

तुमचं पत्र पोचलं. तैवानचं नाव काढलं ही माझी चूक झाली. तुमच्या गाडीला तुमच्या तोलाचाच माल हवा.

दोन्ही टायर घेतले आणि कार्गोने रवाना केले. दसऱ्याच्या आसपास घरपोच येतील. दिवाळसणाचं बाबा त्यांच्या परीने बघतील. हे टायर माझ्याकडून मृणालीला भाऊबीजेची ओवाळणी समजा. तिची वस्तू ती तुमचीच.

एक विनंती आहे. नव्या टायरच्या अंगावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे तो सुरुवातीला घसरतो. तेव्हा पहिले चार-पाचशे किलोमीटर मागे कुणाला बसवू नका. मृणालीला तर मुळीच नको. तुम्ही एकट्याने नाशिक रस्त्याला जा. दुपारच्या उन्हातच जा, सकाळच्या गारव्यात उपयोग नाही. मागच्या टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, पकड चांगली येते. आणि मोकळा रस्ता मिळाला की एकशेचाळीसच्या खाली येऊ नका. रबर एकदा नीट तापलं की टायर गाडीला धरतो. हे मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो.

बाबांना मी कळवलं आहे की दिवाळीपर्यंत पूर्णाला जाऊन तुम्हाला त्रास देऊ नका. दिवाळीनंतर सगळं आपोआप नीट होईल.

मृणालीला आशीर्वाद. तिला म्हणावं, धीर धर.

आपला,
कुणाल


पूर्णा
१० ऑक्टोबर २००२

कुणाल,

आता अहो-जाहो पुरे. तुझी-माझी ओळख आत्ता कुठे झाली.

टायर आले. पुढचा फर्स्ट क्लास. चार आकडे, याच वर्षाचा. मागचाही बघून डोळे निवले, असा काळाभोर. पण आकडे कुठे दिसेनात. कुठे बघायचं ते तूच शिकवलंस, तुझं पत्र पेटीतून काढलं आणि समोर धरून शोधलं. एक बाजू बघितली, फिरवून दुसरी बघितली. मग डोळे मिटून कडेने अंगठा फिरवला. सगळीकडे उठावाची अक्षरं लागतात आणि एका लांबट जागी एकदम गुळगुळीत. कानशीने घासून वर काळं पॉलिश लावलंस ना? पायाखाली दाबून टायर वाकवला, तर नक्षीच्या खाचांत बारीक भेगा उघडल्या. तुझ्या माळ्यावरचा माल. पाव किमतीचा.

मग तुझं दुसरं पत्र पुन्हा वाचलं. एकट्याने जा. दुपारी जा. हवा कमी. एकशेचाळीस. मी हॉलमध्ये बसून इतका हसलो की आई विचारत आली, "काय रं झालं?" खरं सांगतो, मला आवडलास तू. मला वाटलं होतं तुमच्या घरात सगळे तुझ्या बापासारखे हात जोडणारे आहेत.

पोलिसांत जाणार नाही. त्यात मजा नाही. मी काय ठरवलंय ते ऐक. तो टायर मी मागे बसवतो. पाडव्याला त्याच गाडीवर वज्रेश्वरीला येतो आणि मृणालीला मागे बसवतो. मागे बसणाऱ्याचा भार कुठे येतो, हे तूच मला समजावलं आहेस.

तुला हे नको असेल तर एक काम कर. तिला पत्र लिही. तू काय पाठवलंस आणि कशासाठी, स्वतःच्या हाताने. पाकिटावर नाव माझं घाल, मी आधी वाचेन. मला पटलं तर टायर बदलतो. नाही पटलं तर हवा थोडी कमी ठेवतो. कुरियरने पाठव, म्हणजे वेळेत येईल. आणि फोन करू नकोस. फोनवर माणसं रडतात, मग शब्द नीट ऐकू येत नाहीत.

देवेश


वादी कबीर, मस्कत
२० ऑक्टोबर २००२

मृणाली,

हे पत्र तुझ्याआधी भावोजी वाचतील. तरी मी तुझ्याशीच बोलतो आहे.

मागचा टायर दहा वर्षांचा होता. मी तो माळ्यावरून उतरवला आणि आकडे घासून टाकले. भावोजी एकटे नाशिक रस्त्याला जातील आणि परत येणार नाहीत, असं धरून मी तो पाठवला. लिहून टाकलं. आता यातलं काही परत घेता येत नाही.

तुझं ते पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. तुझ्या पावलाचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू विचारलंस, घरी येऊ का. मी बाबांना लिहायला बसलो होतो, देवाशपथ. कागद घेतला. पण काय लिहू? पूर्वीचं जमत आलेलं. देवळापुढे आपलं दुकान, ओटी घ्यायला थांबणारी प्रत्येक बाई बाबांना विचारणार, मुलगी परत का आली? तू माघारी आलीस तर तू टाकलेली बाई. जन्मभर. मग तुला कोणी काय कमी बोललं असतं? भावोजींना काही झालं असतं तर तू केसरीनाथ शेटची सून राहिली असतीस. गोडाउनात तुझा वाटा असता. सगळ्या गावाने तुझ्यासाठी डोळे पुसले असते. पूर्वीचंही काही बिघडलं नसतं. मला वाटलं, यात आपल्या कुणाचीच मान खाली जात नाही.

तुला मी सोडवत होतो, मृणाली. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. तू मागे बसणार नाहीस याची मी पुरेपूर काळजी घेतली होती, तेवढं तरी लक्षात घे.

काल न राहवून फोन केला. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "ती गाडी पुसते हाय."

भावोजी, तुम्ही हे वाचत असाल तर तुमचे पाय धरतो. टायर बदला. मला हवी ती शिक्षा द्या. मृणाली, काही झालं तरी गाडीवर बसू नकोस. चक्कर येते म्हण, पोटात दुखतं म्हण, काहीही म्हण.

तुझा,
दादा


पूर्णा
भाऊबीज, ६ नोव्हेंबर २००२

दादा,

हे पत्र चोरून लिहीत नाही. हे समोर सोफ्यावर बसले आहेत. लिहून झालं की वाचतील आणि मग स्वतः पाकीट चिकटवतील, असं ठरलं आहे.

तुझं पत्र मला इथे मिळालंच नाही. काल पाडव्याला सकाळी ह्यांनी गाडी काढली आणि मला म्हणाले, मागचा टायर तुझ्या भावाने पाठवलेला आहे, दहा वर्षांचा आहे, तापला की फाटतो. मला मारायला पाठवलाय त्याने. बस. मी म्हटलं, मला चक्कर येते. ते म्हणाले, तुझा भाऊ म्हणालाच होता की तू असं म्हणशील. मग मी बसले.

अंबाडीपर्यंत मी आठवतील तेवढे देव आठवले. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, हा शेवटचा. अंबाडीच्या पुढे एका वळणावर त्यांनी गाडी एवढी आडवी केली की माझी साडी रस्त्याला लागते की काय असं झालं. तिथे मी देव सोडून दिले आणि मनात म्हटलं, फाटू दे. त्यानंतर मला भीती वाटली नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

आपल्या दारात उतरल्यावर त्यांनी सगळ्यांना बोलावून मागचा टायर दाखवला. तुझा नव्हताच तो. नवा कोरा, मुंबईवाल्याकडचा, त्यानेच सांगितलेल्या भावाने घेतलेला. तुला पत्र पाठवायच्या आधीच बसवून झाला होता. माझं तोंड बघून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि आई धावत पाणी घेऊन आली. त्यांच्यासाठी.

मग पानं वाढल्यावर ते रुसले, रीतीप्रमाणे. बाबांनी अंगठी केली होती, ती पुढे केली. ह्यांनी ती घेतली, खिशातून तुझं पत्र काढलं आणि म्हणाले, आता हे मोठ्याने वाचा, मग जेवतो. बाबांनी वाचलं. पावलाचं आलं तिथेही ते थांबले नाहीत. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि ह्यांच्यासमोर हात जोडले. "पोराचं चुकलं, जावईबापू. पोटात घाला." आईने ह्यांच्या पानात आणखी दोन करंज्या वाढल्या. आपली पूर्वी तेवढी माझ्या पायाकडे बघत होती. पण तिचं आता पक्कं झालं आहे, माघात लग्न आहे, ती तरी काय बोलणार? कोणी मला विचारलं नाही की तू राहतेस का. आम्ही जेवलो आणि परत निघालो.

मी तुला एकच गोष्ट विचारली होती. तिचं उत्तर एका शब्दाचं होतं. पिशवी मी महिनाभर भरून ठेवली होती, रोज दुपारी फाटकाकडे बघायची. तू तिथे कानस घेऊन बसला होतास. तो आकडा घासायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात बाबांना "तिला घेऊन या" लिहून झालं असतं. माणूस मारायला तू तयार झालास, दादा, पण बहिणीला घरी आणायला नाही. माझं कुंकू पुसायचं ठरवलंस, तेही मला न विचारता, आणि वर लिहितोस की मी तुला सोडवत होतो. तू मला नाही, देवळापुढच्या दुकानाला सोडवत होतास. हे मला भाजतात ते रागाने तरी भाजतात. तुम्ही सगळे मायेने मला इथे ठेवता. मला तुझी चीड येते. ह्यांची येते त्याहून जास्त येते.

आणि माझं पत्र तुला आलं होतं, हे तू ह्यांच्याच हातात पडणाऱ्या पत्रात लिहिलंस. ते कसं पाठवलं, हे ह्यांनी मला नीट विचारून घेतलं. आता देवळात जाताना सासूबाई बरोबर असतात.

तुझा टायर परसात पडला आहे. मी त्याच्यावर बसून भांडी घासते.

आज भाऊबीज. भाऊ लांब असला की बहिणीने चंद्राला ओवाळायचं, म्हणून तू मस्कतला गेल्यापासून मी तसंच करते. बीजेची कोर बारीक, उगवते म्हणेपर्यंत बुडते, आणि इथे मावळतीला गोडाउनची भिंत. ताट घेऊन उभी होते, काही दिसेना. मग टायर ओढून घेतला, त्याच्यावर चढले, टाचा उंच केल्या. पाऊल दुखलं. पण पत्र्याच्या वर एवढीशी कोर दिसली आणि मी ओवाळलं. तिलाच ओवाळलं, तुझ्या नावाने नाही.

ओवाळणी उपयोगाला आली. आता पुन्हा काही पाठवू नकोस. तुझ्या जागी मी चंद्रालाच ठेवलं आहे.

मृणाली

ता. क. वाचलं. छान लिहिते तुझी बहीण, मला माहीतच नव्हतं. पुढचा टायर एकदम मस्त चालला आहे. झिजला की कळवीन. आकडे घासू नकोस.
देवेश